गोट नीट बसत नाही? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ब्लाउजच्या गोल गळ्याला गोट (कड गुंडाळणारी पट्टी) लावला की गळा अंगावर न बसता उभा राहतो. असे का होते?

बहुतेक वेळा पट्टी पुरेशी उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरपी कापलेली, नसते. ती किनारीशी बरोबर ४५ अंशांत कापा. अंदाजाने तिरपी कापलेली पट्टी धुतल्यावर पिळते. तयार गोट दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हवा असेल, तर पट्टी एक इंच एक सूत रुंद घ्या : चारपट रुंदी आणि घडीत जाणारे एक सूत.

उरेब असूनही गळा उभा राहत असेल, तर पट्टी सैल लागते आहे. गळ्यात गोटाची बाहेरची घडी टिपेपेक्षा लहान गोलावर येते, म्हणून तिथली जादा लांबी उभी राहते. खोल वळणावर पट्टी किंचित ओढून धरा, खांद्याजवळच्या सरळ भागात मुळीच ओढू नका. ओढायची ती पट्टी, गळा नव्हे. गळा ताणू नये म्हणून आधी कडेपासून एक सूत आत एकेरी टीप मारून ठेवा.

आणखी एक : कड गुंडाळणाऱ्या गोटासाठी गळ्याला शिलाईचे मार्जिन ठेवायचे नसते. सवयीने ठेवले, तर गळा तेवढा लहान होतो.

प्रश्न : पट्टी आपोआप दुमडणारा फोल्डर आणला, पण मध्येच एक बाजू सुटते.

फोल्डरला सांगितलेल्या मापाचीच पट्टी लागते. अरुंद असली की एक कड निसटते, रुंद असली की आत गोळा होते. पट्टीचे टोक तिरपे कापून टाचणीने आत सरकवा आणि मशीनच्या पायामागे दोन इंच बाहेर काढून मगच टीप सुरू करा. कापड फोल्डरच्या खाचेत शेवटपर्यंत आत हवे. टाका ३ मिमी ठेवा. सॅटिन घसरते; सुती पट्टीला खळ देऊन इस्त्री केली की काम सोपे होते. जोड मात्र फोल्डरमध्ये अडकतात, तेव्हा पट्टी होता होईल तो सलग कापा. अरुंद गळ्याला फोल्डर वापरूच नये, हातानेच लावावी.

प्रश्न : बाळाच्या दुपट्याच्या कोपऱ्यात गोट गोळा होतो.

टीप टोकापर्यंत नेता, म्हणून. टीप कडेपासून दोन सूत आत असेल, तर कोपऱ्याच्याही दोन सूत अलीकडे थांबा, उलटे टाके देऊन दोरा तोडा. पट्टी तिरपी घडी पडेल अशी वर उचला, मग घडी वरच्या कडेला जुळवून पट्टी दुसऱ्या बाजूवर खाली आणा आणि अगदी कडेपासून टीप सुरू करा. सरळ बाजूंना उरेब पट्टी लागत नाही. आडवी कापलेली पुरते आणि कापडही वाचते.

प्रश्न : उरेब पट्टीला कापड किती लागेल?

पट्टीची लांबी गुणिले रुंदी, तेवढे चौरस इंच कापड. १५ इंचांच्या चौकोनातून सव्वा इंची पट्टी हिशेबाने १८० इंच निघते. जोडात जाणारे वजा करून चार मीटर धरा. कापड आधी भिजवून वाळवा, विशेषतः गडद लाल असेल तर.