नव्या सायकलीच्या फ्रेमवर ओरखडे पडू नयेत म्हणून सगळी फ्रेम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी का?

नवी सायकल घेतल्यावर पहिला ओरखडा पडेपर्यंत जीव कसा टांगणीला लागतो, हे मी अनुभवलंय. तरीही सांगते, प्लॅस्टिक गुंडाळू नका. दुकानातून येतानाचं वेष्टण अजून फ्रेमवर असेल तर तेही आजच काढा.

फ्रेमचा रंग धडकेने जातो त्याहून जास्त घासण्याने जातो, आणि घासणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. हँडलजवळ ब्रेक-गिअरच्या केबल हेड ट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला, टेकतात. केबलचं आवरण मऊच असतं, पण त्यावर बसलेली धूळ हँडल वळेल तशी पॉलिश पेपरसारखी फिरते. उजव्या चेनस्टेवर, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर, खड्ड्यागणिक चेन आपटते. डाऊन ट्यूबच्या, म्हणजे तिथून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या, पोटावर पुढच्या चाकाने उडवलेले खडे बसतात. पिशवीचे पट्टे आवळलेल्या जागा आणि टाच घासते ती जागा, बस्स. एवढ्याच झाका.

झाकायचं म्हणजे चिकटवायचं, गुंडाळायचं नाही. माझ्या जुन्या पोलादी सायकलीच्या चेनस्टेवर मी फाटक्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन्ही टोकांना केबल टाय मारले होते. चेनचा खडखडाट थांबला, मी खूश. वर्षभराने पट्टी सोडली तर आत ओला, काळा, कणीदार चिखल. फडक्याने पुसला तसा रंगाचा पोपडाही निघाला आणि खाली गंज. नुसत्या चेनने एवढं नुकसान केलं नसतं. ट्यूबच वापरायची असेल तर दर महिन्याला सोडून, धुऊन, वाळवून पुन्हा बांधा.

त्यापेक्षा पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लावा. हिला हेलिकॉप्टर टेपही म्हणतात, कारण हेलिकॉप्टरच्या पात्यांची वाळूने होणारी झीज रोखायला असली टेप वापरतात. फ्रेम साबणाने धुवा, कोरडी करा, स्पिरिटने पुसा. तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो. फ्रेमवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर साबणाचं पाणी फवारलं की तुकडा सरकवून नीट बसवता येतो. मग मधून कडेकडे पाणी दाबून काढा आणि रात्रभर हात लावू नका. घाई केली की बुडबुडे राहतात. पुढे कधी काढायची झाली तर हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू सोला, ओढलीत तर रंगही निघेल.

बाहेरच्या ओरखड्यांपेक्षा मला जास्त काळजी आतल्या गोष्टींची वाटते, कारण त्या दिसत नाहीत. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेममध्ये गंजून अडकला की काढताना अक्षरशः करवत लावावी लागते. धातूची फ्रेम आणि धातूचाच पोस्ट असेल तर ग्रीस लावा, दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून पुसा. दोन्हीपैकी एकही कार्बन फायबरचं असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट, म्हणजे पकड वाढवणारी कणीदार पेस्ट. पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या खाली, फ्रेमला पाणी निथळायला बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजू देऊ नका. आणि दुरुस्तीच्या स्टँडवर सायकल लावताना पकड सीटपोस्टला, टॉप ट्यूबला, म्हणजे वरच्या आडव्या नळीला, नाही. पातळ नळी चिमटली की पोचा येतो, तो जात नाही.

तुमची फ्रेम कशाची आहे ते प्रश्नात नाही. चुंबक लावून बघा. चिकटला तर पोलादी आहे; मग रंग उडालेला कुठलाही ठिपका दिसला की लगेच पुसून, वाळवून त्यावर नेलपॉलिशचा थेंब द्या. अॅल्युमिनियमला इतकी घाई नाही. कार्बन असेल तर चरा नखाने चाचपून बघा: फक्त वरचं लॅकर गेलं असेल तर चालेल, पण धागे उघडे पडले असतील किंवा आसपास टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला, तर जाणकाराला दाखवेपर्यंत सायकल चालवू नका.