पीटऐवजी शेणखत? चालेल, पण कुजलेलंच

पहिल्याच वर्षी मिरची-टोमॅटोची रोपं घरी करताय, बरं वाटलं. बी लावायच्या मिश्रणात पीटऐवजी शेणखत चालेल का, असं विचारलंत. पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) परदेशातून येतं, महाग पडतं. शेणखत गोठ्यामागेच आहे, मग तेच वापरा. फक्त उकिरड्याच्या वरचं उचलू नका. मी पहिल्यांदा तेच केलं. टोमॅटो छान उगवला आणि चार दिवसांत बुडाशी काळा पडून आडवा झाला.

खत तयार झालंय का, ते हाताला कळतं. मूठभर घ्या: काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली किंवा नाकाला झोंबलं, तर अजून महिना-दोन महिने थांबा. शंका असेल तर त्यात पंधरा मेथीदाणे टाका, शेजारी साध्या मातीत तेवढेच. खतातले मागे पडले तर घाई नको.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- नुसत्या खतात बी टाकू नका. एक भाग चाळलेलं खत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा माती-वाळू. खतातले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत.
- कोंबडीखत तूर्त नकोच, फार तेज.
- चाळताना हुमणीसारख्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा.

आणि पाणी! ट्रे उचलून बघा, हलका लागला तरच झारी घ्या. रोज सवयीनं पाणी घातलं की मर (माझ्या टोमॅटोसारखं रोप बुडाशी सडून आडवं होणं) आलीच म्हणून समजा. ट्रायकोडर्मा (मर रोखायला वापरतात ती उपयोगी बुरशी) वगैरे पुढच्या हंगामात बघू.