'कोचिंग', 'समुपदेशन' आणि मानसशास्त्राची जाण

प्रश्न असा आहे: कंपनीतील वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी सुरू झालेल्या 'एक्झिक्युटिव्ह कोचिंग'ला मराठी परिपत्रकात 'समुपदेशन' म्हणावे का, आणि हे काम करणारे कोच मानसशास्त्राचा आधार घेतात, हे मराठीत नेमके कसे सांगावे?

'समुपदेशन' म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा शब्द आता कौटुंबिक न्यायालय, शाळा, रुग्णालय आणि व्यसनमुक्ती केंद्र यांच्याशी इतका जोडला गेला आहे की, तो वाचताच संबंधित व्यक्ती काही अडचणीत आहे, असे वाचणारा गृहीत धरतो. 'प्रशिक्षक' शिकवतो आणि 'मार्गदर्शक' वाट दाखवतो. कोच मात्र प्रश्न विचारून त्या अधिकाऱ्यालाच विचार करायला लावतो. 'कोचिंग' म्हटले की आपल्याकडे दहावी-बारावीचे क्लास आठवतात, ही अडचण खरीच आहे. पण 'नेतृत्वविकासासाठी कोचिंग' असे लिहिले की ती दूर होते. शब्द परका म्हणून टाळण्याचेही कारण नाही. मुळात तो हंगेरीतील कोच या गावच्या घोडागाडीवरून आला आणि इंग्रजीनेही तो बाहेरूनच घेतला आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तेथे 'मानसशास्त्रीय उपचार' किंवा 'मानसशास्त्रीय तपासणी' असे शब्द न वापरता 'मानसशास्त्राची जाण' असे लिहावे. ज्ञान पुस्तकातून मिळते आणि जाणीव एखाद्या क्षणी होते. जाण मात्र मुरावी लागते व ती वागण्यातून दिसते. शेतीची जाण किंवा गाण्याची जाण असलेला माणूस आपण ज्या अर्थाने ओळखतो, तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे.

एक उदाहरण पाहू. एखादी विभागप्रमुख हाताखालच्यांना कामे सोपवत नाही आणि रात्री उशिरापर्यंत प्रत्येक अहवाल स्वतः तपासत बसते. कामे वाटून द्यावीत, हे तिला ठाऊक असते; त्यामुळे तोच सल्ला पुन्हा देऊन काही साधत नाही. जाण असलेला कोच तिच्या बोलण्यातला 'च' ऐकतो. 'अहवाल बिनचूक असावा' ही इच्छा झाली; 'अहवाल बिनचूकच असला पाहिजे, नाहीतर मी नालायक ठरेन' हा हट्ट झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून जी उपचारपद्धती विकसित केली आणि जी मराठीत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून ओळखली जाते, तिचा सारा भर या दोहोंतल्या फरकावर आहे. आपल्या भाषेत तो फरक एका अक्षरात ऐकू येतो, याचे मला फार अप्रूप वाटते. कोच हा विचार त्या उपचारपद्धतीतून घेतो, उपचार मात्र करत नाही. 'चूक राहिली तर नक्की काय होईल?' असे विचारतो आणि पुढचा एक अहवाल सहकाऱ्याकडे सोपवून पाहण्याचे तिच्याशी ठरवतो.

ही मर्यादा शब्दांतही पाळली पाहिजे. स्टीव्हन बर्गलास या मानसशास्त्रज्ञांनी २००२मध्ये इशारा दिला होता की, मानसशास्त्राचे प्रशिक्षण नसलेले कोच खोलवरची समस्या केवळ वरवरच्या वागण्याची समजून हाताळतात आणि त्यातून नुकसान होते. सतत झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे अशा गोष्टी दिसल्या, तर कोचने नैराश्याचे निदान स्वतः न करता त्या व्यक्तीला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाण्यास सुचवावे. म्हणून परिपत्रकात 'निदान', 'उपचार', 'रुग्ण' हे शब्द नसावेत. 'क्लायंट'साठी 'अशील' वकिलाकडे नेतो आणि 'लाभार्थी' सरकारी योजनेकडे. सरळ 'अधिकारी' लिहावे.

परिपत्रकातले वाक्य असे करता येईल: 'नेतृत्वविकासासाठीच्या या कोचिंगमध्ये मानसशास्त्राची जाण असलेले कोच अधिकाऱ्यांशी गोपनीय संवाद साधतील, हे समुपदेशन किंवा मानसोपचार नाही, आणि त्याची गरज भासल्यास संबंधित तज्ज्ञांचे नाव सुचवले जाईल.'