घरी सोलर पॅनल बनवायचंय? आधी चार सेल मोडायची तयारी ठेवा

हौस चांगली आहे, करा नक्की. फक्त पहिलंच पॅनल छतावर चढवायच्या हिशेबाने बनवू नका. चार-सहा सेलचं (सेल म्हणजे उन्हापासून वीज करणारी पातळ चकती) छोटं करा, हात बसू द्या.

खरी परीक्षा सोल्डरिंगची, म्हणजे वितळलेल्या कथलाने सेलला तार जोडायची. सेल जेमतेम 0.2 मिलिमीटर जाड असतो. तार चिकटत नाही म्हणून नवखे लोक सोल्डरिंग आयर्न दाबत राहतात आणि सेल तडकतो. आधी फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचं द्रव्य) लावा, आयर्न नीट तापू द्या, मग अजिबात दाब न देता एकाच फेरीत ओढत न्या. तुटके सेल टाकू नका, सरावाला तेच बरे.

बाकी एवढंच:
- एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो. 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करायला 36 सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडतात.
- प्रत्येक ओळ झाली की मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. काच बसवल्यावर सापडलेली चूक फार छळते!
- ओल आत शिरली की जोड गंजतात. लाकडी चौकट टाळाच.
- फ्यूज आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरी जादा चार्ज होऊ न देणारं यंत्र) हवेतच. घरच्या वायरिंगला मात्र हे पॅनल जोडू नका.

बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा देणारा), एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर) वगैरे दुसऱ्या पॅनलच्या वेळी बघू.