स्टार-डेल्टाचे पॉइंट चिकटतात? कॉन्टॅक्टर घेण्याआधी हे वाचा

दादा, तुम्ही विचारलंय: १० एचपीचा पंप, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर उचलून मग डेल्टात टाकणारा), दुसऱ्यांदा पॉइंट चिकटले आणि दुकानदार मेन, स्टार, डेल्टासाठी २५ अँपिअरचे तीन कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढले जाणारे, मोटरचा करंट जोडणारे-तोडणारे स्विच) गळ्यात मारतोय. बाजूचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नका. तो २५ बहुतेक एसी-१ चा, म्हणजे हीटरसारख्या लोडचा आकडा. मोटरला एसी-३, म्हणजे मोटर लोडचा आकडा बघायचा. त्याच कॉन्टॅक्टरवर तो ९ निघतो.

नेमप्लेटवर १५ अँपिअर म्हणताय. स्टार-डेल्टात मेन आणि डेल्टातून त्याचे ५८ टक्के, म्हणजे ८.७ जातात. कागदावर ९ चालेल. पण व्होल्टेज पडलं की मोटर जास्त ओढते, म्हणून एसी-३ ला १२ किंवा १८ घ्या. स्टारचा लहान चालतो, तरी मी तिन्ही एकाच मापाचे लावतो, म्हणजे घरात एकच सुटी कॉइल ठेवली की भागतं. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर तोडणारा) मेनच्या खाली जोडला असेल तर तोही ८.७ लाच लावायचा. (निम्म्या वायरमनना हे पटत नाही.) कॉइल ४१५ व्होल्टचीच घ्या, ती दोन फेजवर चालते, न्यूट्रल लागत नाही; शेतावर न्यूट्रलचा काय भरवसा!

पण नुसते कॉन्टॅक्टर बदलून माझं काही सुटलं नव्हतं. ४१५ ची कॉइल ३५० च्या आसपासपर्यंतच खात्रीने ओढते. आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लाइट आली की सगळ्यांचे ऑटो (लाइट येताच मोटर आपोआप चालू करणारे) एकदम मोटरी उचलायचे, व्होल्टेज पडायचं आणि कॉन्टॅक्टर घर्रर्र करत थरथरायचा. तेव्हा माझ्याकडे साडेसात एचपीचा डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर उचलणारा स्टार्टर) होता. पॉइंट सुटून पुन्हा बसला की दरवेळी सहा-सातपट करंट. एकदा लाल बटण दाबून धरलं तरी मोटर चालूच, मेन स्विच पाडावा लागला. उघडलं तर मधला पॉइंट वितळून बसलेला, स्क्रूड्रायव्हर घालूनही हलेना.

वीज कंपनीकडे तक्रार केली. ऑफिसचा माणूस आला तो सगळ्यांच्या मोटरी बंद असताना. मीटर लावला, ४१० लिहिलं, 'स्टार्टर सदोष' असा शेरा मारून कागद बंद. अहो, लोड नसताना व्होल्टेज चांगलंच दिसणार! त्यानंतरच्या हंगामात रिवाइंडिंगचा खर्च झाला तो वेगळाच. तुम्ही मोटरी चालू असताना मीटरचे फोटो काढा, डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज द्या. तिथे दाद नाही लागली तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. आणि ऑटोचे टायमर आपसात मागेपुढे लावा, याला कुणाची परवानगी लागत नाही.

कमी व्होल्टेजवर धरणारी वाइड बँड कॉइल कुणी सुचवेल. थरथर थांबते, पण मोटर कमी व्होल्टेजवर भाजत राहते. लावायचीच तर लो व्होल्टेजला तोडणारा रिले सोबत हवाच, असं माझं मत.

मी शेतकरी आहे, इंजिनिअर नाही. आकडे तुमच्या नेमप्लेटवरून ताडून घ्या. पेटी उघडण्याआधी मेन पाडा, आणि पेटीची भोकं बुजवा, पाली शिरतात. आधीच्या वायरमनने स्टार आणि डेल्टामधलं इंटरलॉक (दोन्ही एकदम बसू न देणारी सोय) काढून सरळ जोडलंय का, तेवढं बघून सांगा. दोन्ही एकदम बसले तर सरळ शॉर्ट, मग कुठलाही कॉन्टॅक्टर टिकणार नाही.