घराजवळच्या तलावावर पक्षी बघायला कोणते महिने चांगले? दुर्बीण कोणती घेऊ?

दुर्बिणीचं आधी उरकतो. ८ बाय ४२ घ्या (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटर). १० बाय ५० गळ्यात जड होते आणि हात जरा हलला की पक्षी पण नाचायला लागतो. झालं.

आता महिने. तुम्ही लिहिलंय की कोणीतरी सांगितलं, "नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडलं तर तलावावर काही नसतं." हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून (मावसभाऊ, वयाने मोठा) कित्येक वर्षं ऐकतोय. दादाकडे हातभर लांब लेन्स आहे. थंडीत थापट्या आणि तलवार बदकं उतरली की हा उजाडायच्या आत बांधावर हजर, मार्चमध्ये ती परत गेली की लेन्स कपाटात.

चार वर्षांपूर्वीच्या जुलैत मी कमळाच्या पानांवर एक घरटं शोधलं होतं, म्हणजे घरटं कसलं, चार काटक्या आणि ओला पाला, त्यात पुढे चकचकीत तपकिरी चार अंडी झाली. लांब शेपटीचा कमळपक्षी. आठवडाभर रोज छत्री घेऊन बांधावर बसायचो. सुरुवातीला दोन पक्षी होते, एक मोठा एक लहान, रंग दोघांचा सारखाच, पण जुळताना लहान वर होता हे मी नीट बघितलेलं. चार अंडी झाल्यावर मोठी बाई तलावाच्या दुसऱ्या टोकाला गेली ती गेलीच, तिकडे दुसरीशी मांजरासारखं ओरडत भांडणं चालू. इकडे बसला तो लहान. एके रात्री पाऊस झाला, पाणी चढलं, तर सकाळी हा चोच आणि छातीच्या मधे अंडं धरून मागे मागे सरकत एकेक शेजारच्या पानावर नेतोय! मी हातातली छत्री विसरलो, पूर्ण भिजलो.

दादाला फोन करून बोलावलं हीच चूक. आला, वीस मिनिटं थांबला, फोटो काढले, आणि रात्री पोस्ट, "आईची माया. भर पावसात अंडी सोडली नाहीत." खाली बदामांचा पाऊस. मी आपलं साधं लिहिलं, दादा, ती आई नाही, बाप आहे. यावर दादा काय म्हणाला माहितीये, "नर असता तर घरट्यात कशाला बसला असता?" मग मी तिथेच सविस्तर लिहिलं की यांच्यात सगळा उलटा कारभार असतो, मादी मोठी, हद्दीसाठी भांडते ती, अंडी घालून पुढच्या नराकडे जाते, आणि २६ ते २८ दिवस उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बापाकडे. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन, भावाची अशी चारचौघात शोभा करतात का म्हणून. कमळपक्ष्याचं राहिलं बाजूला, मीच वाईट ठरलो.

आणि खरी गंमत पुढे. त्याच डिसेंबरात दादाने मला एक फोटो पाठवला, वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांच्या गर्दीत एक मळकट तपकिरी, बिनशेपटीचा पक्षी. "ही कुठली तुतारी?" अरे तुतारी (चिखलातला छोटा पक्षी) कसली, हा तोच कमळपक्षी! थंडीत ती शेपटी गळते, मानेवरचं सोनेरी फिकं पडतं. जो फक्त थंडीत तलावावर जातो त्याला हा पक्षी कळणारच नाही. अजूनही मान्य नाही त्याला.

तर तुमचे महिने. उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उघडा पडतो, त्यावर शेकाटे वगैरे लांब पायांची मंडळी असतात, वंचकाची (छोटा बगळा) मातकट पाठ गडद तांबूस-तपकिरी होते, टिबुकलीची (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी) मान तांबूस. पावसाळ्यात काठ बुडतो, पक्षी कमी दिसतात पण घरटी तेव्हाच. ऑक्टोबरात बदकं यायला लागतात तेव्हा नर पण मादीसारखेच मळके दिसतात, कारण विणीनंतर त्यांचे रंगीत कपडे उतरलेले असतात आणि नवीन यायचे असतात. (यंदा सगळ्या माद्याच आल्यात असं एकदा दादाने जाहीर केलं होतं, तो वेगळा वाद.)

हां, अगदीच नवखे असाल तर जानेवारीत सुरुवात करा, तेवढं दादाचं बरोबर आहे, बदकं मोठी असतात, रंगात असतात, एका जागी बसतात. आणि तुमच्या तलावाचं सुशोभीकरण झालं असेल, म्हणजे चारी बाजूंनी दगडी भिंत आणि मधे कारंजं, तर वरचं निम्मं विसरा, उथळ काठच नाही तर शेकाट्या उभा कुठे राहणार. घरटं दिसलं तर लांबूनच बघा, तुम्ही सारखे जिथे वाकता ती जागा कावळ्यालाही कळते. आणि फोटोखाली आई-बाप लिहायच्या आधी निदान चार दिवस बसा.

ती पोस्ट अजून तशीच आहे. या जुलैत दादाला छत्री घेऊन ये म्हटलंय. "बघू" म्हणालाय, म्हणजे येत नाही.