गाव दोन तासांत बघून होतं, मग घरी शिकणाऱ्या मुलांना तिथे दिवसभर न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलं ८ आणि ११ वर्षांची, शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, आणि ते ऐतिहासिक गाव म्हणजे एक रस्ता, थोडी जुनी घरं आणि एका खोलीचं म्युझियम, तर एवढ्यासाठी अख्खा दिवस घालवायचा का. घालवा. छोटं आहे म्हणूनच घालवा. मोठ्या प्रसिद्ध ठिकाणी दोऱ्या बांधलेल्या असतात, मागून गर्दी ढकलत असते, इथे एका पायरीपाशी अर्धा तास बसलात तरी कोणी उठवायला येत नाही.

पण पहिल्या वेळी मी काय माती खाल्ली ते आधी सांगते. आम्ही चार कुटुंबं, नऊ मुलं. रात्री जागून मी वर्कशीट बनवली, वीस प्रश्न, हे घर कोणी बांधलं, ते कधी बांधलं वगैरे. मुलांनी सरळ पाट्या शोधल्या, नावं आणि सालं उतरवली आणि पंचवीस मिनिटांत कागद माझ्या हातात, "झालं, आता काय?" मान वर करून घराकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. वर म्युझियमला कुलूप, कारण मी वेळ नेटवर बघितली होती, फोन केला नव्हता. अशा जागी फोनच करायचा, बरेचदा किल्ली एकाच माणसाकडे असते आणि तो बाहेरगावी गेला की संपलं.

सहा महिन्यांनी परत त्याच गावात गेलो (मुलं वैतागली होती, मान्य) आणि या वेळी प्रश्न एकच दिला, पाट्या न वाचता सांगायचं की जुनं कुठलं आणि नंतरचं कुठलं, आणि कशावरून. बरोबर वही, मोजायची टेप, टॉर्च, बस्स. फोन सगळ्यांचे पिशवीत.

खरी मजा एका दगडी भिंतीपाशी आली. माझ्या धाकट्याला दिसलं की दगडांच्या सांध्यात बहुतेक ठिकाणी पांढरट मऊ माल आहे पण एका पट्ट्यात करडा आणि टणक, आणि गंमत म्हणजे त्या टणक पट्ट्याच्या शेजारचेच दगड पापुद्रे सुटून झडतायत. जुना माल चुन्याचा, तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. करडा माल सिमेंटचा, आणि आज बांधकामात वापरतात त्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या माणसाचं, म्हणजे करडा पट्टा त्यानंतरचाच असणार, एवढं मुलांनी स्वतः लावलं. आणि सिमेंटमधून ओल सहज निघत नाही म्हणून ती दगडातून वाट काढते आणि दगड झडतो, म्हणजे भिंत वाचवायला केलेल्या डागडुजीनेच भिंत खाल्ली. हे मी घरी दहा वेळा समजावलं असतं तरी लक्षात राहिलं नसतं, तिथे त्याच्या बोटाला भुगा लागला होता.

खिडक्यांचंही तसंच. जुन्या काचेतून समोरचं झाड लाटांसारखं हलतं, मुलं डोकं इकडेतिकडे करून हसत बसली. म्युझियम दाखवणाऱ्या काकांनी प्रेमाने सांगितलं की काच शेकडो वर्षांत हळूहळू खाली वाहते म्हणून असं दिसतं. मैत्रिणीची मुलगी, वय १०, गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, पण या तावदानात लाटा उभ्या आहेत आणि शेजारच्यात आडव्या, एक खाली वाहिली आणि एक बाजूला का? काका हसले, म्हणाले हे कधी बघितलंच नव्हतं. काच वाहत नाही हो, पूर्वी ती फुंकून नळकांडं करायचे, ते कापून उलगडून सपाट करायचे, त्यामुळे ती मुळातच असमान, आणि तावदान कसं बसवलं त्यावर लाटांची दिशा ठरते. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून एकदम सपाट करायची पद्धत आली १९५० च्या दशकात, मग मुलांनी खिडक्या मोजायलाच घेतल्या, कुठलं तावदान फुटून बदललंय ते.

पायऱ्या मात्र माझी आवड होती, त्यांची नाही. मधोमध झिजलेली पायरी टेपने मोजली, खळगा तीन सेंटीमीटर, मुलं म्हणाली बरं.

बाकी दोन-चार गोष्टी पटकन. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. टॉयलेट कुठे आहे ते पोचल्या पोचल्या बघा. जुन्या घरांत लोक राहतात हे मुलांना आधीच सांगा, ओसरी दिसली म्हणून चढायचं नाही, विचारायचं, आणि विचारलं की बरेच लोक उलट आत बोलावतात. एका वेळी आठ-दहापेक्षा जास्त मुलं नेऊ नका, मग ती एकमेकांतच रमतात.

आणि टॉर्च विसरू नका. अक्षरं पुसट झालेला दगड असेल तर खडू लावू नका, घासू तर अजिबात नका, हाताने सावली करून टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने तिरका धरा, अक्षरांच्या सावल्या पडतात आणि कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर नाव उमटतं. जास्तीचे सेल घ्या मात्र, आमचे ऐन आडनावाच्या मधेच संपले आणि धाकटा अजून विचारतो की पुढे काय होतं.